पन्हाळ्यावर पाणी ९७ अंशांना उकळतं : एका जुन्या गाडीच्या तापाचं निदान

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं कोणी विचारलं की मी ‘उकळणं’ असं सांगते. समोरचा माणूस आधी हसतो, मग मी चेष्टा करत नाहीये हे लक्षात येऊन गप्प बसतो. गरम पृष्ठभागावर बुडबुडे कसे तयार होतात आणि ते किती उष्णता उचलून नेतात, हे मी मोजत असते. घरी आईचा प्रश्न ठरलेला : “पाणी उकळायला पाच वर्षं लागतात होय गं?”

गेल्या उन्हाळ्यात या विषयाचा लॅबच्या बाहेर पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला. ती गोष्ट आज सांगते. ती सांगता सांगता जुन्या गाडीचं कूलंट कुठं जातं आणि ती घाटातच का तापते, हेही बघू.

माझ्या एका मित्राकडे नव्वदच्या दशकातली दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. त्याच्या मामांनी हौसेनं घेतलेली, नंतर कित्येक वर्षं कव्हरखाली झोपलेली. आपल्याकडे अशा गाड्या मुळातच कमी. भारतात बनलेली म्हणाल तर गोव्याची ‘सॅन स्टॉर्म’ काहींना आठवेल : फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. मित्राची गाडी ती नव्हे. कोणती ते मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता.

तक्रार अशी होती. कोल्हापूर शहरात गाडी एकदम शहाण्यासारखी चालायची. शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंतही काही नाही. वाघबीळच्या पुढं चढ लागला की काटा वर सरकायचा, आणि पन्हाळ्यावर पोहोचून गाडी बंद केली की दोन मिनिटांत बॉनेटखाली गुडगुड आवाज, मग खाली पाण्याचं थारोळं. दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर पाणी कमी. मित्र घरच्या बोअरचं पाणी ओतत राहिला.

गॅरेजमधल्या काकांनी पाच मिनिटांत निकाल दिला : “हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवाय लागतंय.” निदान अशक्य नव्हतं. पण त्या इंजिनाचं गॅस्केट इथं सहज मिळत नाही, पंचवीस-तीस वर्षं न हललेले बोल्ट सुटताना तुटू शकतात, आणि एकदा उघडलेलं इंजिन सुट्या भागांअभावी वर्षभर तसंच पडून राहिल्याची उदाहरणं मित्रानं पाहिली होती. मामांना तो काय तोंड दाखवणार? तो मला म्हणाला, “अगं, तुझाच विषय आहे ना हा? मग बघ की.”

घाट चढायला किती उष्णता लागते?

आधी थोडा हिशेब. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, पन्हाळा साधारण ९७५ मीटरवर. म्हणजे सव्वाचारशे मीटरची चढण. गाडी आणि आत बसलेली दोन माणसं मिळून वजन १००० किलो धरू. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला चार मेगाज्यूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा लागते.

पण पेट्रोल इंजिन काही फुकट काम करत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश भाग कामी येतो, जवळपास तेवढाच कूलंटमध्ये जातो आणि उरलेला बराचसा सायलेन्सरमधून बाहेर पडतो. म्हणजे चढणीसाठी चार मेगाज्यूल काम झालं, तर कूलंटच्या वाट्यालाही साधारण चार मेगाज्यूल उष्णता येते. ही उष्णता रेडिएटरनं हवेत टाकलीच नाही, तर ती जवळपास पावणेदोन लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला पुरेल.

त्यात घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगानं चढते. उष्णता जास्त तयार होते आणि समोरून येणारा वारा कमी. स्पोर्ट्स कारमध्ये बॉनेट बुटकं, हवा घ्यायचं तोंड लहान. म्हणून सपाटीवर लपलेला दोष चढावर उघडा पडतो. घाट गाडी बिघडवत नाही, घाट गाडीची परीक्षा घेतो.

गाडी बंद केल्यावरच का उकळते, हेही यातच आहे. इंजिन थांबलं की वॉटर पंप थांबतो. पण हेडचं धातू अजून तापलेलंच असतं, आणि ते आपली उष्णता जागच्या जागी थांबलेल्या पाण्याला देतं. पुढची काही मिनिटं पाण्याचं तापमान वाढत राहतं.

रेडिएटर म्हणजे कुकरच

आता मुख्य मुद्दा. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, हे शाळेतलं वाक्य समुद्रकिनाऱ्यावर खरं आहे. वर जाऊ तशी हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि पाणी आधीच उकळतं. कोल्हापुरात ते साधारण ९८ अंशांना उकळतं, पन्हाळ्यावर ९७ अंशांच्या आसपास. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला डोंगरावर वेळ लागतो तो यामुळेच.

उपाय आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे : कुकर. झाकण घट्ट बसवून आत दाब वाढवला की पाणी १०० च्या पुढं जाऊनही उकळत नाही. गाडीत हेच काम रेडिएटरची कॅप करते. ते नुसतं झाकण नाही, त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. समजा कॅपवर ०.९ बार लिहिलंय. पन्हाळ्यावर हवेचा दाब साधारण ०.९ बार, त्यात कॅपचा ०.९ मिळवला की आत एकूण १.८ बार. या दाबाला साधं पाणी ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल, तर आणखी काही अंशांची सवलत मिळते.

आता ही कॅप जुनी झाली, तिचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग थकली असं समजा. दाब टिकत नाही. मग पाणी ११७ ला नव्हे, ९७ ला उकळणार. आणि गंमत बघा : बऱ्याच गाड्यांमध्ये रेडिएटरचा पंखा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे पन्हाळ्यावर पंखा जागा होतोय तोवर पाणी उकळायला लागलेलं असतं. इंजिन, पंप, पंखा, रेडिएटर सगळं ठणठणीत, तरी गाडी उकळणार. कुकरचं रबर सैल झालं की शिट्टी होत नाही आणि तळाचं पाणी मात्र आटतं, तसंच हे.

काटा खाली आला म्हणजे बरं वाटलं, असं नाही

इथं माझा विषय थोडा आत येतो. १९३४ साली शिरो नुकियामा या जपानी शास्त्रज्ञानं पाण्यात बुडवलेली बारीक तार विजेनं तापवून, तार किती गरम झाली की ती पाण्याला किती उष्णता देते, हे मोजलं. आमच्या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक पुस्तकात त्यातून आलेला आलेख असतो.

त्याचं सार असं : सुरुवातीचं उकळणं चांगलं असतं. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येतात, सुटतात, त्यांच्या जागी थंड पाणी येतं, आणि उष्णता झपाट्यानं वाहून जाते. इंजिनाच्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या सगळ्यात गरम जागी, असं थोडं उकळणं निरोगी गाडीतही होऊ शकतं. पण एका मर्यादेपलीकडं बुडबुडे एकमेकांना जोडले जातात आणि धातू व पाणी यांच्यात वाफेचा पडदा तयार होतो. वाफ उष्णता फारच वाईट वाहून नेते. मग त्या जागेचं तापमान एकदम वर जातं.

हा पडदा तुम्ही पाहिलेला आहे. डोशाचा तवा मध्यम तापलेला असताना पाणी शिंपडलं की ते चर्र करून क्षणात उडून जातं. तवा खूपच तापला असेल तर थेंब मोत्यासारखे घरंगळत फिरतात आणि बराच वेळ टिकतात. जास्त गरम तव्यावर पाणी जास्त वेळ टिकतं, कारण थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगत असतो.

याचा गाडीशी संबंध असा. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर काटा खाली येऊ शकतो, आणि त्याच वेळी ॲल्युमिनियमचं हेड भाजत असतं. चढावर काटा वर जाऊन अचानक खाली आला तर ‘झालं, थंड झाली’ असं समजू नका. लगेच बाजूला थांबवा.

आधी काय : गळती की ताप?

निदानात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. पाणी कमी झालं म्हणून गाडी तापते, की गाडी उकळते म्हणून पाणी कमी होतं? दोन्हींत शेवटचं चित्र एकच दिसतं : तापलेली गाडी आणि रिकामी टाकी. म्हणून शेवटचं चित्र बघून निदान करू नये, क्रम बघावा.

आणि आधी एक खोटी तक्रार बाजूला काढावी. पाच लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर गेलं की ते फुगून साधारण १८० मिलीलिटर जागा जास्त मागतं. ते बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं आणि गाडी थंड झाली की कॅपमधल्या दुसऱ्या, उलट्या व्हॉल्व्हमधून परत येतं. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर पहिल्याच फेरीत जास्तीचं बाहेर सांडतं, आणि आपण म्हणतो गळती आहे. पातळी नेहमी सकाळी, गाडी गार असताना, खुणेपर्यंतच.

मग आम्ही कारणांची यादी केली : कॅप, होज पाईप आणि क्लिपा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटरमध्ये साचलेला क्षार, आणि हेड गॅस्केट. यादी करणं सोपं असतं. खरं काम असतं ते कोणती चाचणी यातल्या दोन कारणांना एकमेकांपासून वेगळं करते, हे शोधणं. स्वस्त आणि काही न उघडता होणारी चाचणी आधी.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती फुकटची चाचणी : वरचा जाड होज पाईप हातानं दाबून बघणं.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच, पाणी अजून कोमट असताना, पाईप दगडासारखा टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात शिरतोय, आणि हेड गॅस्केटवर संशय घट्ट होतो. उलट, इंजिन पूर्ण तापल्यावरही पाईप मऊच राहिला, तर दाब कुठून तरी निसटतोय : कॅप किंवा गळती. तापेल तसा हळूहळू टणक होणारा पाईप निरोगी. (पाईप जाड कापडानं धरा, आणि हात पंख्यापासून व पट्ट्यापासून लांब ठेवा.)

मित्राच्या गाडीचा पाईप पूर्ण गरम झाल्यावरही शिळ्या पडवळासारखा मऊ.

हेड गॅस्केटसाठी आणखी एक चाचणी केली. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक असतो. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आला की तो निळ्याचा हिरवट, मग पिवळा होतो. अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमधलीच गोष्ट. आमचा द्रव निळाच राहिला.

एक सूचना पावसाळ्यासाठी. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लगेच ‘ऑईलमध्ये पाणी’ असा निकाल देतात. पन्हाळ्यासारख्या धुक्याच्या जागी, थोडंसंच फिरणाऱ्या गाडीत, हवेतल्या दमटपणामुळंही ती साय येते. डिपस्टिकवरचं ऑईलही दुधाळ असेल तर काळजी करा.

आणि मग आम्ही चुकलो

नवी कॅप घातली, त्याच दाबाची. ‘जास्त दाबाची घालू, आणखी बरं’ हा मोह टाळायचा, कारण जुन्या पाइपांना तो दाब झेपेलच असं नाही. बोअरचं पाणी काढून, आतून धुऊन, कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं भरलं. बोअरच्या पाण्यातला क्षार आत साचतो, आणि क्षाराचा थर ॲल्युमिनियमपेक्षा अंदाजे शंभर पट कमी उष्णता जाऊ देतो. मिलिमीटरभर क्षार म्हणजे वाटेत दहा सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियम उभं करण्यासारखं. भरताना नाक वर करून गाडी चढावर उभी केली, हीटर चालू ठेवला, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. बुटक्या गाड्यांमध्ये रेडिएटर इंजिनाच्या वरच्या भागापेक्षा खाली असू शकतो, आणि हवा वर अडकून बसते.

पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाज्यापाशी गाडी बंद केली, पंधरा मिनिटं कान लावून बसलो. गुडगुड नाही. मी लॅबमधून आणलेल्या थर्मोकपलवर सगळ्यात मोठा आकडा १०३ अंश दिसला. जुन्या कॅपवर तो आकडा आला असता तर कारंजं उडालं असतं. मी तेव्हा काय मिरवले म्हणून सांगू.

जूनमध्ये मित्राचा फोन : “पाणी परत कमी होतंय.”

पाऊस सुरू झाला होता, आणि डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं असायचं. उघड्या टपाची जुनी गाडी, कापडी छत, ओलं कार्पेट : पाऊस आत येतोय, यात कोणाला शंका? आठवडाभर आम्ही छताचं रबरच बघत बसलो. शेवटी मित्राच्या बायकोनं कार्पेटला हात लावला आणि म्हणाली, “पावसाचं पाणी असं बुळबुळीत असतंय होय?” वासही गोडसर. ते कूलंट होतं. (त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं. चव घेऊन बघू नका, आणि कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका.)

कारण आमच्याच दुरुस्तीत होतं. जुन्या कॅपमुळं आत दाब टिकतच नव्हता, म्हणून केबिनमधल्या हीटरकडं जाणारा वाळलेला पाईप कसाबसा तग धरून होता. नव्या कॅपनं दाब पूर्ववत झाला आणि तो क्लिपेखाली झिरपायला लागला. एका दोषानं दुसरा दोष झाकून ठेवला होता.

कॅप बदलायच्या आधीच हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला असता, तर दोन्ही दोष एकाच दिवशी सापडले असते. गाडी गार असताना कॅपच्या जागी पंप लावायचा, कॅपवर लिहिलेला दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर गळती आहे. बाहेर थेंब नसेल तर कार्पेट, वॉटर पंपाखालचं छोटं भोक आणि हीटरचे सांधे बघायचे. तोच पंप अडॉप्टर लावून कॅपही तपासतो. आम्ही हे सगळं नंतर केलं. जुनी कॅप ०.३ बारलाच सुटत होती.

आमच्या गाईडचं एक म्हणणं असतं : निकाल मनासारखा आला की आणखी एक मोजमाप घे. मी ते लॅबमध्ये पाळते. गॅरेजमध्ये विसरले, कारण उत्तर माझ्या आवडीच्या विषयातलं होतं. गॅरेजवाल्या काकांनी रोज हेड गॅस्केट बघितलेली असतात, म्हणून त्यांना हेड गॅस्केट दिसलं. मला उकळणं दिसलं. दोघांची चूक एकाच जातीची.

घाटात गाडी तापलीच तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हे शिक्षा वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा बघून थांबा, बॉनेट उघडा आणि कॅपला हात लावू नका.

का, ते आकड्यात सांगते. आत पाच लिटर पाणी ११० अंशांवर, दाबाखाली आहे. पन्हाळ्यावर कॅप उघडली की त्या पाण्याला एकदम ९७ अंशांवर यावं लागतं, आणि मधल्या १३ अंशांची उष्णता क्षणात वाफ बनवते. हिशेब केला तर साधारण १२० ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या वाफेला जागा लागते दोनशे लिटरच्या वर. पाणी साठवायला आपण घराबाहेर ठेवतो तो अख्खा ड्रम तुमच्या तोंडासमोर उघडतो, आणि उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन येतो. किमान अर्धा तास थांबा, पाईप हाताला गार लागू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं किंवा तडकतं. मग खरोखरच हेड उतरवायची वेळ येते.

मित्राच्या गाडीचं हेड अजून जागेवर आहे, त्याचा एकही बोल्ट हललेला नाही. एक कॅप, एक हाताएवढा पाईप, दोन क्लिपा आणि पाच लिटर कूलंट एवढ्यात काम झालं. मागच्या महिन्यात मामांना घेऊन आम्ही पुन्हा पन्हाळ्याला गेलो. वर पोहोचल्यावर मामांनी सवयीनं डिकीतून पाण्याचा कॅन काढला आणि बॉनेटकडं निघाले. मित्र म्हणाला, “मामा, राहू द्या.” ते थोडा वेळ तसेच कॅन धरून उभे राहिले, मग त्यातलंच पाणी प्यायले.